ऑफसेटसाठी चकचकीत आर्ट पेपर: बेस कागदापासून कॅलेंडरपर्यंत, नागपूरच्या हवेत

भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान घ्या. न छापलेला पांढरा कोपरा शोधा, ओलं बोट त्यावर दहा-पंधरा वेळा घासा आणि तेच बोट काळ्या कापडावर टेकवा. पांढरा ठसा उमटला, तर तो लेपाचा. १३० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅमच्या, चकचकीत आर्ट पेपरमध्ये खरा कागद ८५ ते ९० ग्रॅमच असतो. उरलेले चाळीसेक ग्रॅम म्हणजे दगडाची वस्त्रगाळ भुकटी, पांढरी माती आणि त्यांना धरून ठेवणारं बाइंडर.

हा कागद कसा बनतो ते मी कोटिंग मशीनवर शिकलो, त्यातलं बरंचसं माल खराब करून. हिंगण्याच्या ज्या लहान कारखान्यात सुरुवात केली, तिथले फोरमन काका काहीही बिघडलं की एकच विचारायचे, "पाणी कुठं गेलं बे?" तेव्हा राग यायचा. आता कुणी नवा मुलगा अडचण घेऊन आला की मीही तेच विचारतो. लेपातलं पाणी कधी, किती वेगानं आणि कोणत्या बाजूनं बाहेर पडलं, हा हिशेब जमला की अर्धी चकाकी तिथेच येते.

लेप मुळात लागतो कशाला? छपाईत चित्र बारीक ठिपक्यांनी उमटतं. १७५ लाइनच्या, म्हणजे इंचाला १७५ ठिपक्यांच्या, स्क्रीनवर ५ टक्क्यांचा ठिपका जेमतेम ३५ मायक्रॉन रुंद असतो. लगद्यातला तंतू साधारण २०-३० मायक्रॉनचा. म्हणजे साध्या, बिनलेपाच्या मॅपलिथो कागदावर तो ठिपका एखाद-दोन तंतूंवर पडतो. एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला खड्डा, आणि शाई तंतूंच्या फटीतून कडेला ओढली जाते. लेपातले बहुतेक कण २ मायक्रॉनपेक्षा बारीक. त्यांच्या थरावर ठिपका गोल राहतो, शाई वर राहते आणि रंग भडक दिसतो.

बेस कागद: इथे कंजुषी नको

खराब भिंतीवर महागडा रंग मारला तरी पोपडे येतातच. लेपासाठीचा कागद रासायनिक लगद्याचा, ब्लीच केलेला हवा. त्यात आखूड तंतूचा लगदा जास्त, कारण तो फटी भरतो. लांब तंतूचा थोडा, ताकदीसाठी. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरला लगद्यासाठी गेला. बांबूचा तंतू निलगिरी-सुबाभळीपेक्षा लांब, त्यामुळे कागद मजबूत होतो, पण नुसत्या बांबूवर गुळगुळीतपणा मिळवायला जास्त झटावं लागतं.

रीळ आलं की आधी एक हात लांबीचा तुकडा ट्यूबलाइटसमोर धरा. ढगाळ, गुठळ्या-गुठळ्यांचा दिसला तर चकचकीत मालासाठी वापरू नका. जिथे तंतू दाट आहेत तिथे लेप पातळ बसतो, विरळ जागी जाड, आणि छपाईत तेच ढग परत दिसतात.

मग कॉब, म्हणजे कागद किती पाणी पितो त्याची चाचणी. १०० चौरस सेंटिमीटरची रिंग, १०० मिलिलिटर पाणी, एकूण ६० सेकंद, मग टीपकागद ठेवून १० किलोचा रोलर एकदा पुढे, एकदा मागे. वजनात जेवढे ग्रॅम वाढ झाली त्याला १०० नं गुणा. चकचकीत मालासाठी २५ ते ३५ चा आकडा मला बरा वाटतो. ५० च्या वर गेला तर कागद लेपातलं पाणी, लेप सपाट करणाऱ्या ब्लेडखाली पोहोचण्याआधीच पिऊन टाकतो. फार खाली गेला तर लेप नीट धरत नाही. दोन्ही बाजूंचा कॉब वेगवेगळा काढा. कागद बनताना जाळीला टेकलेली आणि वरची बाजू यांत फरक असतो आणि तो शेवटपर्यंत सोबत राहतो.

पृष्ठभागाच्या ताकदीसाठी मेणाच्या नंबरी कांड्यांची चाचणी बेस कागदावर जरूर करा. लेप दिलेल्या कागदावर मात्र तिच्यावर विसंबू नका. गरम मेणानं लेपातलं बाइंडर, म्हणजे लॅटेक्स, मऊ होतं आणि आकडा फसवतो.

कलर शिजवणं

लेपाच्या पांढऱ्या द्रवाला आम्ही 'कलर' म्हणतो आणि तो बनतो त्या खोलीला 'किचन'. बाहेरच्या माणसाला गंमत वाटते, पण शब्द चपखल आहे. इथे फोडणीइतकाच क्रमाला अर्थ आहे.

सगळं माप कोरड्या पिगमेंटच्या १०० भागांवर धरतात. वरच्या थरासाठी सुरुवातीला हे प्रमाण धरून चाला:

बारीक दळलेलं कॅल्शियम कार्बोनेट, ज्यातले ९० टक्क्यांवर कण २ मायक्रॉनखाली आहेत, ७० भाग
कोटिंग क्ले, म्हणजे केओलिन, ३० भाग
स्टायरीन-ब्युटाडीन लॅटेक्स, कोरडं ११ भाग
सीएमसी, म्हणजे पाणी धरून ठेवणारा सेल्युलोजचा डिंक, ०.५ भाग
कॅल्शियम स्टीअरेट, वंगणासाठी, ०.८ भाग
लेपाला पाण्यापुढे टिकवणारा क्रॉसलिंकर ०.४ भाग
कण सुटे ठेवणारं डिस्पर्संट ०.२ भाग, पीएच चढवायला थोडा कॉस्टिक, गरजेपुरतं पांढरेपणा उजळणारं ऑप्टिकल ब्राइटनर आणि फेस मारणारं डिफोमर

कार्बोनेट पांढरेपणा देतं आणि स्वस्त पडतं. क्लेचे कण पत्त्यांसारखे चपटे; ब्लेडखाली आणि कॅलेंडरखाली, म्हणजे कागद घोटणाऱ्या रोलच्या यंत्राखाली, ते आडवे झोपतात आणि उजेड एका दिशेनं परत फेकतात. म्हणून चकाकी कमी पडली की आधी हात क्लेकडे जातो. पण क्ले वाढवली की कलर घट्ट होतो, पाणी वाढवावं लागतं, आणि पाणी वाढलं की सुकवणं लांबतं. मी ३० वरून ४० वर जाण्याआधी कॅलेंडर तपासतो.

आता पाण्याचा हिशेब मांडा. कोरडा माल एकूण साधारण ११३ किलो. ६४ टक्के सॉलिड्स, म्हणजे कलरमधला कोरडा भाग, हवे असतील तर कलरचं एकूण वजन १७६ किलोच्या आसपास, त्यात पाणी ६३-६४ किलो. आता यातलं पाणी आधीच कुठे कुठे आहे ते बघा. कार्बोनेट ७५ टक्क्यांची स्लरी म्हणून येत असेल तर ७० किलोसोबत २३ लिटर पाणी आलंच. ५० टक्क्यांच्या लॅटेक्ससोबत ११ लिटर. सीएमसीचं १० टक्क्यांचं द्रावण केलं तर साडेचार. स्टीअरेटसोबत एक लिटरभर. म्हणजे नळाखाली भांडं धरून घालायचं पाणी फक्त २४ लिटरांच्या आतबाहेर. नवशिका माणूस ६४ लिटर ओततो आणि मग दिवसभर ड्रायर तापवत बसतो. मी एकदा ओतलं आहे.

पाणी बोअरचं वापरू नका. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम डिस्पर्संटला निकामी करतं आणि क्लेच्या गाठी होतात. सॉफ्टनरचं किंवा आरओचं पाणी घ्या. पेंचचं नळाचं पाणी असलं तरी जडपणा मोजून घ्या.

क्रम असा. पाण्यात आधी डिस्पर्संट आणि कॉस्टिक, मग जोरात फिरणाऱ्या डिस्पर्सरमध्ये क्ले थोडी थोडी, मुठीमुठीनं. २०-३० मिनिटं फिरू द्या. बोटांत चिमटीत घेऊन चोळा, कण लागता कामा नये. मग कार्बोनेटची स्लरी. यानंतर वेग उतरवा आणि मगच लॅटेक्स घाला. जोराच्या घुसळणीत लॅटेक्स फुटतं, दुधाला कवडी धरावी तसं, आणि त्या रबरी कणी पुढे ब्लेडखाली अडकतात. लॅटेक्सनंतर सीएमसी, स्टीअरेट, ब्राइटनर, आणि क्रॉसलिंकर अगदी शेवटी, कारण तो घातल्यावर कलर फार वेळ ठेवता येत नाही. पीएच ८.५ ते ९. शेवटी कंपन करणाऱ्या १०० मेशच्या जाळीतून गाळा. घाईत जाळी टाळण्याचा मोह होतो. टाळून बघा एकदा, मग समजेल काका का ओरडायचे.

मशीनवर सोडण्याआधी सॉलिड्स १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये, ब्रुकफिल्डच्या चिकटपणा मोजणाऱ्या यंत्रावर १०० आरपीएमला चिकटपणा. ब्लेडसाठी १००० ते १५०० सेंटीपॉइजच्या मध्ये मला आवडतो. आणि एक घरगुती चाचणी: टीपकागदावर कलरचा थेंब टाका, एक मिनिटानं उलटून बघा. मागे ओलं वर्तुळ थेंबापेक्षा फार मोठं पसरलं असेल तर कलर पाणी धरत नाहीये, सीएमसी थोडा वाढवा. यंत्राची बरोबरी ही चाचणी करत नाही, पण आजचा कलर कालच्यापेक्षा बिघडला आहे का, ते ती नक्की सांगते.

ब्लेडखाली

चांगला माल दोन थरांत होतो. पहिला थर जाडसर कार्बोनेटचा, थोडा स्टार्च घातलेला, दर बाजूला ८-१० ग्रॅम. तो खड्डे भरतो. दुसरा वरच्या पाककृतीचा, १०-१२ ग्रॅम. एकाच थरात २० ग्रॅम चढवायचा प्रयत्न लहान युनिटवाले खर्च वाचवायला करतात. होतो, पण बेसमधले खड्डे आणि ढग वरपर्यंत दिसतात.

हवेच्या झोतानं जादा लेप उडवणारं एअर नाइफ मशीन स्वस्त आणि भांडण न करणारं, पण ते कागदाच्या उंचसखल अंगावर सगळीकडे सारखाच थर घालतं. खड्डा तसाच राहतो. ब्लेड करणीसारखं वरचं खरवडून सपाट करतं, म्हणून ऑफसेटच्या चकचकीत कागदासाठी ब्लेडच. स्टीलची ०.३ ते ०.५ मिलिमीटर जाडीची पट्टी, एका पाळीला एक बदलायची सवय ठेवा. पट्टी झिजली की लेपाचं वजन हळूहळू चढतं आणि डोळ्यांना कळत नाही.

वजन कळतं ते कापून. लेप दिलेला आणि न दिलेला असे १० बाय १० सेंटिमीटरचे तुकडे, रुंदीत डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, ओव्हनमध्ये सुकवून तोला. ग्रॅममधल्या फरकाला १०० नं गुणलं की दर चौरस मीटरचं वजन. तिन्हीकडे अर्ध्या ग्रॅमहून जास्त फरक असेल तर पट्टीचा दाब सारखा नाही.

वर सांगितलेला १७६ किलोचा घाणा ११ ग्रॅमनं एका बाजूला लावला तर एक मीटर रुंदीच्या रिळाचे साधारण १० किलोमीटर होतात. मिनिटाला २०० मीटरच्या वेगानं पन्नासेक मिनिटं. तेवढ्या वेळात त्यातलं पाणी दर चौरस मीटरला सुमारे ६ ग्रॅम कागदावर येतं. बेस ७० जीएसएमचा असेल तर त्याच्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी, काही सेकंदांत. कागद फुगणार, तंतू वर येणार, ते ओघानं आलंच. सॉलिड्स जेवढे वर, तेवढा हा त्रास कमी.

लांब सरळ रेघ दिसली की पट्टीखाली कण अडकला आहे. मशीन न थांबवता पट्टी क्षणभर उचलून टेका. पुन्हा पुन्हा येत असेल तर दोष ब्लेडचा नाही, किचनमध्ये जा.

सुकवणं, आणि निळ्या मुखपृष्ठांची गोष्ट

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे किती स्टॉल लागतात ते नागपूरकरांना सांगायला नको. त्याआधीचा महिना-दीड महिना छापखान्यांत रात्रपाळी. अशाच एका सप्टेंबरात मुखपृष्ठांसाठीच्या कागदाची ऑर्डर होती. बाहेर पाऊस, बेस रीळ ७ टक्के ओलीचं आलेलं, आणि गाडी संध्याकाळी लागणार. मी गरम हवेचं तापमान वाढवलं आणि वेग कायम ठेवला. माल निघाला तो झकास, चकाकी ७२. चार दिवसांनी महालातल्या छापखान्याच्या मालकांचा फोन. गेलो. त्यांनी काही न बोलता छापील ताव पुढे केला. "भाऊ, निळं पाहा."

गडद निळ्या सॉलिडवर, म्हणजे सलग भरलेल्या रंगावर, पावसात भिजलेल्या भिंतीसारखे फिके-गडद चट्टे. कोऱ्या कागदावर काहीच दिसत नव्हतं. पाणी वाफ होऊन वर पळताना लॅटेक्सला सोबत घेऊन आलं होतं. जिथे लॅटेक्स वर जमलं तिथे शाई कमी मुरली, जिथे नाही तिथे जास्त. याला बाइंडरचं स्थलांतर म्हणतात. अशा कागदावर मजकूर छापला असता तर कुणाला कळलंही नसतं. निळ्यानं सगळं उघडं पाडलं.

तेव्हापासून मी ड्रायरकडे असा बघतो. ओला लेप काचेसारखा चमकतो. सुकत असताना एका जागी ती ओली चमक अचानक जाते आणि लेप मिणमिणता होतो. झरोक्यातून टॉर्च लावून ती जागा शोधा. तिच्या आधी इन्फ्रारेडनं हवं तेवढं तापवा, कण अजून मोकळे आहेत. त्या जागेपासून पुढचा टप्पा मात्र मंद; हवा कमी, तापमान कमी. कण एकमेकांना टेकून थर घट्ट झाला की शेवटी पुन्हा तापवायला हरकत नाही. ती जागा वेगाबरोबर पुढे-मागे सरकते, म्हणून वेग बदलला की पुन्हा झरोक्याशी. गाडी उशिरा लागली तरी चालेल.

बाहेर पडताना कागदात ओल साडेचार ते साडेपाच टक्के हवी. ३ टक्क्यांवर सुकवलेला कागद कॅलेंडरला दाद देत नाही.

कॅलेंडर

सुपरकॅलेंडरमध्ये दहा-बारा रोल एकावर एक: एक पोलादी, एक कापूस दाबून भरलेला, असे आलटून पालटून. मऊ रोल किंचित दबतो, पोलादी रोलशी त्याची सूक्ष्म घसट होते आणि पृष्ठभाग घोटला जातो. नऊवारीला खळ देऊन कुंदी करायचे, तोच प्रकार. पोलादी रोल ६०-८० अंश, दाब मीटरला २०० ते ३०० किलोन्यूटन. ७५ अंशांच्या ग्लॉसमीटरवर ६५ ते ८० आला की झालं.

आणखी दाबला तर आकडा वाढतो, पण मोल द्यावं लागतं. कागद पातळ पडतो, कडकपणा जातो, अपारदर्शकता घटते, शाई मुरायला वेळ लागतो. ओल जास्त असताना दाबला तर काळपट, तेलकट ठिपके येतात आणि ते कधीच जात नाहीत. ठरावीक अंतरानं तोच डाग परत येत असेल तर ते अंतर मोजा. ज्या रोलच्या परिघाशी जुळतं त्या कापसाच्या रोलवर सुरकुतीचा वळ उठला आहे. तो पाण्यानं पुसून, कागद न घालता काही वेळ फिरवा.

मॅट कागद हवा असेल तर हलका दाब देऊन थांबा.

छापखान्यात जाण्याआधी

छापील चाचणी घ्याच, विशेषतः ओल्या पिकिंगची, म्हणजे ओल लागून लेप उचलला जातो का त्याची. ऑफसेटमध्ये प्रत्येक युनिटवर डॅम्पनिंगचं पाणी कागदाला लागतं. पहिल्या रंगाला टिकलेला लेप तिसऱ्या-चौथ्याला उचलला जाऊन ब्लँकेटवर, म्हणजे शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी पत्र्यावर, पांढरा थर जमतो. तसं झालं तर क्रॉसलिंकर कमी पडला आहे किंवा त्याला पुरेसा ताप मिळाला नाही. छापखान्यानं फाउंटनचा, म्हणजे डॅम्पनिंगच्या पाण्याचा, पीएचही अधूनमधून बघावा. आम्लधर्मी पाण्यात कार्बोनेट थोडं विरघळतं आणि पीएच चढत जातो.

ताव कापताना ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, छापखान्याला विचारून ठरवा. सुट्या तावांवर छापणाऱ्या शीटफेड यंत्रावर लांब बाजूला समांतर ग्रेन बरा पडतो, पण मुखपृष्ठाचा ग्रेन पुस्तकाच्या पाठीला समांतर हवा, नाहीतर घडीवर लेप तडकतो.

नागपूरची हवा

कागदाला ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. नागपूर ती वर्षातून फार थोडे दिवस देतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, हवा चुलीसारखी कोरडी. किचनमधल्या उघड्या टाकीतून पाणी उडतं, दुपारपर्यंत सॉलिड्स दोन टक्के चढलेले असतात आणि वर साय धरते. टाकीला झाकण आणि तासातासाला सॉलिड्स. लॅटेक्सचे ड्रम पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका, ३५ अंशांच्या वर त्याचं आयुष्य कमी होतं. स्टार्च आणि सीएमसीचं द्रावण उन्हाळ्यात रात्रभरात आंबतं. वास आला आणि चिकटपणा उतरला की बायोसाइड घालून वाचवायच्या भानगडीत न पडता फेकून द्या.

याच दिवसांत छापखान्यात कूलर लागतो. माणसांना बरं, कागदाला नाही. कूलरच्या झोतासमोर उघडा ठेवलेला गठ्ठा एका रात्रीत कडेनं लहरतो, कारण ओल आधी कडा पितात. कोरड्या खोलीत उलट होतं, कडा आखडतात आणि मधला भाग फुगतो. दोन्ही प्रकारांत चार रंगांचं रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, जुळत नाही. रॅपरचा आतला थर प्लास्टिकचा ठेवा आणि छापखान्याला सांगा, माल आल्यावर २४ ते ४८ तास बंदच राहू द्या, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, कापायच्या वेळीच फोडा. पावसाळ्यात तर फोडलेलं अर्धं रीम तसंच टाकून जेवायलाही जाऊ नका.

प्रत्येक रिळामागे दोन ताव स्वतःकडे ठेवा: एक कोरा, एक गडद निळ्या सॉलिडमध्ये छापलेला. मागे पेन्सिलीनं तारीख, बेसची ओल, कलरचे सॉलिड्स, ड्रायरच्या प्रत्येक टप्प्याचं तापमान. त्या सप्टेंबरचा ताव माझ्याकडे अजून आहे, त्याच्या मागे मात्र काहीच लिहिलेलं नाही.